न दिसणाऱ्या कॅमेऱ्याचा तपास

मुंबईत चाललेल्या एका फौजदारी खटल्यात न्यूयॉर्क येथील एका डॉक्टरांची साक्ष दूरचित्रसंवादाने नोंदवून घेता येईल काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर आला असता, ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’ या प्रकरणात १ एप्रिल २००३ रोजी न्यायालयाने असा निर्वाळा दिला की, पडद्यावर साक्षीदार दिसत असेल, त्याचे बोलणे ऐकू येत असेल आणि आरोपीच्या वकिलास त्याची उलटतपासणी करता येत असेल, तर ती साक्ष आरोपीच्या समक्ष घेतली गेली असेच कायदा मानील. या निकालाने कॅमेरा हे कायदेशीर हजेरीचे साधन ठरले. आणि पुढे महामारीच्या काळात, ६ एप्रिल २०२० रोजी, त्याच न्यायालयाने देशातील न्यायालयांचे कामकाज दूरचित्रसंवादाने चालविण्याचा मार्ग मोकळा करून दिला, तेव्हा अपवाद म्हणून दिलेली मुभा बघता बघता नित्याची वहिवाट झाली. या इतिहासातील एका गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी उबुंटू ही लिनक्सची मुक्तस्रोत आवृत्ती स्वीकारली, आणि खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणालीही मुक्तस्रोत साधनांवरच, पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रात, घडविण्यात आली. वसईसारख्या तालुक्याच्या ठिकाणी न्यायदानाच्या कामाशी जोडली गेलेली प्रणाली आणि आचोळ्याच्या एखाद्या इमारतीत शिकणाऱ्या मुलाने घरच्या जुन्या लॅपटॉपवर घातलेली लिनक्स प्रणाली या अशा रीतीने एकाच कुळातील आहेत.

असे जुने लॅपटॉप आमच्या वसई-विरार भागात पुष्कळ आहेत. रोज गाडीने मुंबईस जाणाऱ्या नोकरदारांची ही वस्ती. कचेरीतून निकाली निघालेले यंत्र स्वस्तात घ्यावे आणि घरी मुलांच्या अभ्यासासाठी वा आखातात, कॅनडात असलेल्या लेकाशी-लेकीशी बोलण्यासाठी ठेवावे, ही येथील सर्वसाधारण रीत. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार संपुष्टात आणला, आणि जी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हती त्यांच्या मालकांपुढे मुख्यतः दोन वाटा उरल्या: यंत्र भंगारात काढावे, अथवा त्यावर लिनक्स घालावे. ज्यांनी दुसरी वाट धरली त्यांनी शहाणपणाचेच केले असे माझे मत आहे. मात्र यांपैकी काहींच्या वाट्यास पहिल्याच आठवड्यात एक अनुभव येतो: यंत्र चालते, अक्षरे उमटतात, गाणी ऐकू येतात, परंतु कॅमेरा मात्र दिसत नाही. मग कोणी प्रणाली पुसून पुन्हा घालतो, कोणी तीन निरनिराळ्या आवृत्त्या आलटून-पालटून पाहतो, आणि कोणी वेबकॅमच्या खोक्यातील तबकडी शोधू लागतो, जी लिनक्सच्या बाबतीत मुळातच निरुपयोगी आहे.

वस्तुतः हा बिघाड गूढ नाही. कॅमेऱ्याच्या भिंगापासून पडद्यावरील चित्रापर्यंत पाच-सहा सांधे आहेत. त्यांपैकी कोठला तरी एक निखळलेला असतो. आणि मुक्तस्रोत प्रणालीचा मोठा गुण असा की, प्रत्येक सांध्यापाशी काय घडले याची नोंद ती स्वतःच लिहून ठेवते व मागेल त्यास ती वाचू देते. नोंदी क्रमाने वाचाव्यात, मधली पायरी गाळू नये, आणि जोवर निखळलेला सांधा सापडत नाही तोवर दुरुस्तीस हात घालू नये, एवढीच या कामाची शिस्त आहे. परंतु या नोंदींचा अर्थ लागण्यासाठी त्यामागील थोडा इतिहास ठाऊक असणे अवश्य आहे, कारण ड्रायव्हर म्हणजे जिला आपण कॅमेरा चालविणारी आज्ञावली म्हणतो ती लिनक्समध्ये आली कोठून, हे कळले म्हणजे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

लिनुस टोरवाल्ड्स याने हेलसिंकीत १९९१ साली लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहावयास घेतला. आणि योगायोग असा की, केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी कॉफीच्या भांड्यात कॉफी उरली आहे की नाही हे जागेवरून न उठता कळावे म्हणून त्या भांड्यावर कॅमेरा रोखला तो त्याच वर्षी. १९९३ साली तो कॅमेरा वेबला जोडला गेला आणि जगातील पहिला वेबकॅम ठरला. पुढे यूएसबीचे कॅमेरे बाजारात आले, तेव्हा प्रत्येक कारखानदाराची चित्र पाठविण्याची भाषा निराळी आणि पुष्कळदा गुप्त होती. विंडोजसाठी तबकडी द्यावयाची आणि इतरांना माहिती नाकारावयाची, हा त्या काळचा शिरस्ता. फिलिप्सच्या कॅमेऱ्यांची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. ‘नेमोसॉफ्ट’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका प्रोग्रॅमरने कंपनीशी गुप्ततेचा करार करून माहिती मिळविली व ड्रायव्हर लिहिला. परंतु दाबलेले चित्र उलगडणारा भाग करारामुळे बंद ठेवावा लागला, आणि त्या बंद भागावाचून कॅमेरा केवळ लहानसे चित्र देई. ऑगस्ट २००४ मध्ये कर्नलच्या यूएसबी विभागाचे व्यवस्थापक ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी, बंद आज्ञावली जोडून घेण्यासाठी गाभ्यात ठेवलेली खुंटी तत्त्वाच्या कारणास्तव काढून टाकली. नेमोसॉफ्टने संतापून सारा ड्रायव्हरच मागे घेतला. आणि हजारो लोकांचे चालते कॅमेरे धोक्यात आले. तेव्हा ल्यूक सायार नावाच्या गृहस्थाने त्या बंद भागाचे यंत्रसंकेत उकलून मुक्त आवृत्ती तयार केली, आणि ड्रायव्हर गाभ्यात परत आला. या वादात दोन्ही पक्षांची बाजू समजण्यासारखी होती. तथापि जे गुप्त आहे त्यावर सार्वजनिक वास्तू उभी करू नये हा क्रोआ-हार्टमन यांचा आग्रह कालांतराने योग्य ठरला, असे मला वाटते.

याच काळात फ्रान्समध्ये मिशेल क्झार नावाचे एक डॉक्टर आपला वैद्यकीचा व्यवसाय सांभाळून फावल्या वेळात एकामागून एक कॅमेऱ्याच्या चिप समजून घेत होते. त्यांच्या ‘जीएसपीसीए’ या ड्रायव्हरने २००७ सालापर्यंत २३५ निरनिराळे कॅमेरे लिनक्सवर चालते केले होते. झाँ-फ्रांस्वा म्वान यांनी त्याची नवी मांडणी केल्यावर २००८ च्या ऑक्टोबरात तो कर्नलच्या २.६.२७ या आवृत्तीत समाविष्ट झाला. घरातील माळ्यावर सापडलेला पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा वेबकॅम, ज्याची कंपनीही आज अस्तित्वात नसेल, लिनक्सला जोडताच चालू होतो आणि नव्या विंडोजवर मात्र मान टाकतो, याचे श्रेय क्झार यांना आहे. त्यांचे नाव कोणत्याही खोक्यावर छापलेले नसल्यामुळेच ते येथे नोंदविणे मला आवश्यक वाटले.

या भाषांच्या बजबजपुरीवर खरा तोडगा निघाला तो ‘यूएसबी व्हिडिओ क्लास’, संक्षेपाने यूव्हीसी, या सामाईक मानकाने. त्याची पहिली आवृत्ती २००३ साली निघाली. कॅमेऱ्याने जोडणीच्या वेळी आपण चौदाव्या वर्गाचे, म्हणजे चित्र देणारे, उपकरण आहोत एवढे सांगावे, ठरलेल्या भाषेत आपली चित्रांची मापे जाहीर करावीत, आणि संगणकाने कंपनीचे नाव न विचारता त्यास कामावर घ्यावे, अशी ही व्यवस्था. लोरां पँशार यांनी लिनक्ससाठी या मानकाचा ‘यूव्हीसीव्हिडिओ’ हा ड्रायव्हर लिहिला आणि जुलै २००८ मध्ये तो २.६.२६ या कर्नलमध्ये दाखल झाला. तेव्हापासून आजतागायत बाजारात आलेले बहुतेक सारे यूएसबी वेबकॅम, तसेच लॅपटॉपच्या झाकणातील यूएसबीने जोडलेले कॅमेरे, याच एका ड्रायव्हरवर चालतात. यास्तव ‘माझ्या कॅमेऱ्याचा लिनक्स ड्रायव्हर कोठे मिळेल’ हा प्रश्नच बहुधा चुकीचा असतो: ड्रायव्हर आधीच यंत्रात आहे, तो कामावर का रुजू झाला नाही, एवढेच शोधावयाचे.

आता तपासाकडे वळू. प्रथम हात लावून पाहावे. काही लॅपटॉपच्या भिंगावर सरकपट्टी असते. कळफलकावरील एखादी कळ कॅमेऱ्याची जोडणी तोडते. यंत्र सुरू होतानाच्या मूळ मांडणीतही कॅमेरा बंद ठेवण्याची सोय असते. हे सारे पाहून झाले म्हणजे टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्यावी. यूएसबीला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची एक ओळ समोर येते आणि तीत अपूर्णविरामाने विभागलेले चार-चार खुणांचे दोन आकडे असतात; पहिला कारखानदाराचा, दुसरा वस्तूचा. ‘०४६डी’ म्हणजे लॉजिटेक, ‘०सी४५’ म्हणजे मायक्रोडिया. खोक्यावरील नाव काहीही असो, खरी ओळख या आकड्यांत आहे, आणि शोध घ्यावयाचा तो याच आकड्यांनी. कारण स्टेशनबाहेरच्या दुकानांत मिळणारे निरनिराळ्या नावांचे स्वस्त कॅमेरे पुष्कळदा आतून एकाच चिपचे असतात. यादीत कॅमेरा नसेलच, तर ड्रायव्हरचा विचार तेथेच थांबवावा. दोष तारेत, खोबणीत अथवा झाकणाच्या बिजागरीतून जाणाऱ्या बारीक जोडपट्टीत आहे.

यादीत कॅमेरा आहे पण चित्र नाही, अशा वेळी ‘डीमेसेज’ या आज्ञेने कर्नलची रोजकीर्द वाचावी. कॅमेरा काढून पुन्हा जोडावा आणि शेवटच्या दहा-पंधरा ओळी पाहाव्यात. यूव्हीसीचे उपकरण सापडल्याची ओळ तेथे असेल, तर ड्रायव्हर रुजू झाला आहे. ‘त्रुटी वजा ७१’ असे दिसले, तर संगणक व कॅमेरा यांचा संवाद तुटक होतो आहे. ‘वजा ११०’ दिसले, तर विचारलेल्या प्रश्नास कॅमेऱ्याने मुदतीत उत्तर दिले नाही. या दोन्ही नोंदी बहुतेक वेळा विजेच्या अपुऱ्या पुरवठ्याकडे, लांब व हलक्या तारेकडे वा स्वतंत्र वीज नसलेल्या यूएसबी हबकडे बोट दाखवितात. आमचा हा किनारपट्टीचा भाग. अर्नाळा, कळंब, भुईगाव येथील खाऱ्या हवेत धातूची टोके लवकर गंजतात, म्हणून खोबण बदलून पाहणे हा उपाय येथे क्षुल्लक समजू नये.

रोजकीर्दीत ड्रायव्हरचा उल्लेखच नसेल, तर ‘मॉडप्रोब यूव्हीसीव्हिडिओ’ अशी आज्ञा देऊन त्यास हाताने बोलवावे. येथे एक फसवा प्रसंग उद्भवतो. प्रणाली अद्ययावत केली, नवे कर्नल तबकात, म्हणजे डिस्कवर, आले, काही आवृत्त्यांत जुन्या कर्नलचे ड्रायव्हर त्याच क्षणी पुसले गेले, परंतु यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले नाही. म्हणजे स्मृतीत चालते आहे जुने कर्नल आणि तबकात आहेत नव्याचे ड्रायव्हर. अशा स्थितीत जोडलेला कॅमेरा ओळखला जात नाही व ड्रायव्हर सापडत नाही असा शेरा येतो. उपाय एकच, यंत्र पुन्हा सुरू करणे.

ड्रायव्हर रुजू झाला की ‘डेव्ह’ या दप्तरात कॅमेऱ्याच्या नावाची फाइल उघडते: ‘व्हिडिओ०’. बहुधा तिच्या जोडीला ‘व्हिडिओ१’ ही असते, आणि पुष्कळांना वाटते की आपल्या यंत्रात दोन कॅमेरे आहेत. तसे नाही, २०१८ च्या ४.१६ या कर्नलपासून चित्रासोबतची आनुषंगिक माहिती स्वतंत्र फाइलीतून दिली जाते, आणि एखाद्या कार्यक्रमात चुकून ही दुसरी निवडली तर चित्र येत नाही. परवानगीचा प्रश्न याहून लहान आहे: फाइल ‘व्हिडिओ’ या गटाच्या मालकीची असते आणि वापरकर्त्याचे नाव त्या गटात नसेल तर ते घालावे. ब्राउझरने मागितलेली परवानगी कधी काळी नाकारली गेली असेल, किंवा कार्यक्रम फ्लॅटपॅक वा स्नॅप या बंदिस्त वेष्टनांतून घेतलेला असेल, तर तेथेही पाहावे. ‘उपकरण व्यग्र आहे’ असा शेरा आला, तर दुसऱ्या एखाद्या कार्यक्रमाने कॅमेरा धरून ठेवला आहे. ‘फ्यूजर’ ही आज्ञा त्याचे नाव सांगते.

सर्वांत अधिक लोकांना चकविणारा शेरा मात्र निराळाच आहे. शिकवणी घेणारे एखादे शिक्षक एक कॅमेरा चेहऱ्यावर व दुसरा वहीवर रोखतात, पहिला चालतो, दुसरा लावताच ‘उपकरणावर जागा शिल्लक नाही’ असे उत्तर येते, आणि ते बिचारे संगणकातील जुनी छायाचित्रे पुसू लागतात. ही जागा साठवणुकीची नव्हे, वाहतुकीची आहे. वसई रोड स्थानकावर ज्याप्रमाणे दिव्याकडून येणाऱ्या मालगाड्यांना रूळ मोकळा होईपर्यंत थांबावे लागते, पण लोकलचा वेळ वेळापत्रकात आधीच राखलेला असतो, त्याप्रमाणे यूएसबीवर फाइली जमेल तशा जातात, मात्र चित्राचा मार्ग आगाऊ राखून घ्यावा लागतो. आणि वेळापत्रक भरले की नव्या गाडीस नकार मिळतो. आकडेच पाहावेत. ६४० बाय ४८० मापाच्या चित्रात ३,०७,२०० बिंदू. प्रत्येक बिंदूस दोन बाइट. सेकंदास ३० चित्रे. म्हणजे न दाबलेले चित्र सेकंदाला १,८४,३२,००० बाइट वाहून नेते. यूएसबी २.० वर एका कॅमेऱ्याच्या एका मार्गास जास्तीत जास्त २,४५,७६,००० बाइट मिळू शकतात, आणि अशा राखीव वाहतुकीस एकूण क्षमतेच्या ८० टक्क्यांहून अधिक, म्हणजे सेकंदाला सुमारे ४ कोटी ८० लाख बाइटांहून अधिक, देण्याची मुभा नाही. आता कित्येक कॅमेरे गरज असो वा नसो, कमाल मार्गच मागतात. अशा दोघांची मागणी ४,९१,५२,००० बाइट होते, आणि दुसऱ्यास दार बंद.

याच हिशेबाने आणखी एक तक्रार उलगडते. १२८० बाय ७२० चे न दाबलेले चित्र सेकंदास ३० वेळा पाठवावयाचे तर साडेपाच कोटींहून अधिक बाइट लागतील, जे त्या मार्गावर अशक्य आहे. म्हणून कॅमेरा त्या मापास सेकंदाला दहाच चित्रे देतो, आणि वापरणारा म्हणतो की लिनक्सवर चित्र अडखळते. यंत्राचा दोष येथे नाही. ‘व्ही४एल२-सीटीएल’ या साधनाने कॅमेऱ्याच्या स्वरूपांची यादी पाहावी आणि ‘मोशन जेपेग’ हे दाबलेले स्वरूप निवडावे, म्हणजे तेच चित्र पूर्ण वेगाने येते. दोन कॅमेऱ्यांच्या प्रसंगी एक कॅमेरा निराळ्या यूएसबी नियंत्रकाच्या खोबणीत लावावा. ते शक्य नसल्यास आणि चित्र न दाबलेले असल्यास, ड्रायव्हरला ‘क्वर्क्स’ या सदराखाली १२८ हा आकडा द्यावा, ज्यायोगे तो कॅमेऱ्याच्या मागणीवर विसंबून न राहता खरी गरज स्वतः मोजतो.

भारतातील वापरणाऱ्यांस उद्देशून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती येथे फार भेटते आणि तिचा उपाय क्षणाचा आहे. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची; अमेरिकेत ती ६० ची. जुन्या पद्धतीची ट्यूबलाइट त्यामुळे सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते, आणि कॅमेरा ६० आवर्तनांच्या हिशेबाने बसविलेला असेल तर चित्रावरून काळसर पट्टे वर-खाली सरकत राहतात. लोक भिंग पुसतात, दिवा बदलतात. वर सांगितलेल्याच साधनाने ‘पॉवर लाइन फ्रिक्वेन्सी’ या नियंत्रकाची किंमत १ केली, म्हणजे ५० आवर्तने निवडली, की पट्टे जातात. काही जुन्या लॅपटॉपांत चित्र उलटे दिसते. कारखान्यात कॅमेऱ्याचा तुकडा उलटा बसविला गेला आणि विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये तो सुलटा करून घेतला गेला, हे त्याचे कारण. हान्स दे खूडे यांनी ‘लिबव्ही४एल’ या संग्रहात अशा यंत्रांची सूचीच घालून ठेवली आहे.

येथवर जे सांगितले ते यूएसबीच्या कॅमेऱ्यांविषयी. गेल्या काही वर्षांतील काही महागड्या, पातळ लॅपटॉपांत मात्र परिस्थिती मुळातून बदलली आहे, आणि ती वापरणाऱ्याने आधीच ओळखावी हे बरे. त्यांत कॅमेरा यूएसबीवर नसून भ्रमणध्वनीप्रमाणे थेट प्रक्रियकाशी जोडलेला असतो. त्याच्याजवळ स्वतःची चित्रसंस्कार करणारी चिप नसते. कच्चे बिंदू येतात आणि रंग, प्रकाश, तीक्ष्णता हे सारे संस्कार संगणकाने करावयाचे असतात. अशा कॅमेऱ्यांसाठीच्या इंटेलच्या ‘आयपीयू६’ या व्यवस्थेचा ग्रहण-भाग २०२४ साली ६.१० या कर्नलमध्ये आला. वरचे संस्कार करण्यासाठी ‘लिबकॅमेरा’ हा प्रकल्प २०१८ पासून उभा राहत आहे, आणि त्याच्या प्रवर्तकांत ज्यांनी २००८ साली यूव्हीसीचा ड्रायव्हर गाभ्यात नेला तेच लोरां पँशार आहेत. अशा यंत्रात ‘एलएसयूएसबी’च्या यादीत कॅमेरा दिसणार नाही आणि तो बिघाड मानावयाचाही नाही, नवे कर्नल व नवी लिबकॅमेरा देणारी आवृत्ती घ्यावी, आणि उद्याच सकाळी सुनावणी वा मुलाखत असेल तर कोणताही साधा यूव्हीसी वेबकॅम खोबणीत लावून काम भागवावे.